समुद्रकाठच्या सिंगल माल्टमधला खारटपणा नेमका येतो कुठून?

तळटीप (धागाकर्ता)

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तयार होणाऱ्या सिंगल माल्टची (म्हणजे एकाच डिस्टिलरीत, केवळ मोड आणून सुकवलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीची) चर्चा निघाली की खारटपणाचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. ओल्ड पल्टनीच्या बाटलीवर हेरिंग मासे पकडणारी बोट असते, टॅलिस्करची जाहिरात समुद्राच्या नावानेच केली जाते, आणि ओबान, बुनाहावन, स्प्रिंगबँक यांचे वर्णन करताना रसिकांच्या लेखणीतून खारे वारे, समुद्रशेवाळ, ओल्या दोरखंडाचा वास असे शब्द आपसूक उतरतात. हे वर्णन खोटे आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. मलाही ती चव जाणवते आणि आवडते. माझा आक्षेप आहे तो या चवीसाठी सांगितल्या जाणाऱ्या कारणाला.

ते कारण थोडक्यात असे : व्हिस्कीची पिंपे दहा-बारा वर्षे समुद्रालगतच्या गोदामात पडून असतात, ओकचे लाकूड हळूहळू श्वास घेते, बाहेरची खारी हवा त्या लाकडातून आत शिरते आणि मुरणाऱ्या मद्याला समुद्राची चव लागते. डिस्टिलरी पाहायला गेलेल्या पर्यटकांना ही गोष्ट हमखास ऐकवली जाते. ऐकायला ती इतकी सुंदर आहे की तिची उलटतपासणी करावी असे कुणाला वाटत नाही.

उलटतपासणीची सुरुवात मिठापासूनच करू. मीठ उडून जाणारा पदार्थ नाही, त्यामुळे तांब्याच्या भांड्यातून वाफेबरोबर ते वर चढत नाही, आणि भट्टीतून निघालेल्या ताज्या मद्यात ते जवळपास नसतेच. पुढे मुरताना पिंपातून मुख्यतः पाणी आणि अल्कोहोल बाहेर पडते (स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण वर्षाला साधारण २ टक्के धरतात) आणि प्राणवायू आत येतो. वाऱ्याबरोबर आलेले मिठाचे सूक्ष्म तुषार फार तर गोदामाच्या भिंतीवर आणि पिंपाच्या बाहेरच्या अंगावर बसतील. ओकच्या जाड फळीतून पलीकडे जाऊन शेकडो लिटर मद्य खारट करण्याइतके मीठ आत पोहोचेल हे पटण्यासारखे नाही. बाटलीत भरण्यापूर्वी तीव्रता कमी करायला जे पाणी घालतात त्यातून थोडा सोडियम येतो खरा, पण जिभेला खारट लागण्यासाठी जितका लागतो त्याच्या तो आसपासही नसतो.

दुसरा मुद्दा मला अधिक निर्णायक वाटतो. आयला बेटावरची कल ईला ही १८४६ साली सुरू झालेली डिस्टिलरी. तिच्या खिडक्यांतून समोरचे जुरा बेट दिसते आणि धक्क्याला लाटा लागत असतात. परंतु तिथे तयार होणारे बहुतांश मद्य टँकरमध्ये भरून मुख्य भूमीवर नेले जाते आणि तिथल्या गोदामांत मुरते. टॅलिस्करच्याही बहुतांश पिंपांची हीच कथा आहे. म्हणजे ज्या व्हिस्कीतल्या समुद्राचे आपण गोडवे गातो, तिचे आयुष्य समुद्रापासून दूरच गेलेले असते. तरीही कल ईला १२ वर्षे ही व्हिस्की घेतली तर राख, लिंबू आणि खारवलेले मासे हे तिन्ही स्पष्ट जाणवतात.

तेव्हा माझे मत असे की समुद्रकाठचे म्हणून ओळखले जाणारे गुण गोदामात लागत नाहीत. ते पिंप भरण्याआधीच, म्हणजे धान्य, धूर, आंबवण आणि भट्टी यांच्या टप्प्यावर तयार झालेले असतात. गोदामाची बाजू घेणाऱ्यांनी जरूर खंडन करावे.

जुने पिंप

धाग्याचा विषय उत्तम आहे, पण आपण गोदामाला फारच झटपट निकालात काढलेत. दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली अशी की समुद्रकाठची हवा म्हणजे केवळ मीठ नव्हे. तिथे उन्हाळा-हिवाळ्यातले अंतर कमी असते आणि दमटपणा कायम असतो. दमट हवेत पिंपातून पाण्यापेक्षा अल्कोहोल अधिक वेगाने उडते, त्यामुळे मद्याची तीव्रता घटत जाते आणि आतल्या घटकांचे परस्परांशी असलेले प्रमाण बदलते. मातीची जमीन आणि दगडी भिंती असलेल्या जुन्या पद्धतीच्या बुटक्या गोदामात हा परिणाम अधिक स्पष्ट असतो. आयलावरच्याच बोमोर डिस्टिलरीचे पहिल्या क्रमांकाचे गोदाम समुद्रसपाटीच्याही खाली आहे आणि त्याच्या भिंतीवर लॉक इंदाल या खाडीच्या लाटा आपटतात. तिथे मुरलेल्या व्हिस्कीत आणि आतल्या प्रदेशातल्या उंच, मांडण्यांच्या गोदामात मुरलेल्या व्हिस्कीत काहीच फरक पडत नाही, असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

दुसरी गोष्ट आयलावरच्या ब्रुकलॅडी डिस्टिलरीची. तिची क्लासिक लॅडी ही व्हिस्की धुराविना वाळवलेल्या माल्टची असते, सगळी पिंपे आयलावरच मुरतात, आणि बाटल्याही तिथेच भरल्या जातात. धूर नसताना तिच्यात जी खारट छटा येते ती कुठून आली, याचे उत्तर आपल्या मांडणीत सापडत नाही.

उत्तररात्र

ब्रुकलॅडीच कशाला, ओल्ड पल्टनीतही पीट या जळणाचा धूर नसतो. मग तिथला खारटपणा कसा?

अर्कशास्त्री

धागाकर्त्यांच्या निष्कर्षाच्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे. समुद्र व्हिस्कीत शिरत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. तो शिरतो, फक्त गोदामाच्या भिंतीतून न येता जमिनीतून येतो.

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून, वाळवून जाळतात, आणि त्या धुरावर मोड आणलेली बार्ली सुकवतात. धुरातली फिनॉल, क्रिसॉल, ग्वायकॉल ही संयुगे दाण्याच्या सालीला चिकटतात आणि तिथून थेट बाटलीपर्यंतचा प्रवास करतात. (डिस्टिलरीजवळच्या तपकिरी ओढ्याच्या पाण्यामुळे व्हिस्की धुरकट होते हा समज तसा निराधारच आहे, धूर येतो तो जाळलेल्या पीटमधून.) आता आयलासारख्या सपाट, वादळी बेटावर ही दलदल शतकानुशतके समुद्राच्या तुषारांखाली भिजत आलेली आहे. समुद्राच्या पाण्यात ब्रोमीन असते आणि ते या पीटमध्ये साठत जाते. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली आयलाच्या व्हिस्कींमधील ब्रोमोफिनॉल या वर्गातल्या संयुगांचे मोजमाप प्रसिद्ध केले. हीच संयुगे समुद्री मासे आणि कोळंबी यांच्या खास वासामागे असतात, आणि अगदी अल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात. आयलाच्याच लफ्रॉइग व्हिस्कीला लोक आयोडीन, मलमपट्टी, दवाखाना अशी विशेषणे लावतात त्यामागे एकट्या आयोडीनचा शोध घेणे व्यर्थ आहे. त्या वासात फिनॉल आणि क्रिसॉल यांचा मोठा हिस्सा आहे आणि त्यांच्या जोडीला ही ब्रोमीनयुक्त भावंडे आहेत.

पीट कुठला, हे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. आयलाचा पीट, ऑर्कनीचा पीट आणि मुख्य भूमीवरचा पीट यांची वनस्पतिरचना वेगवेगळी असते, आणि त्यांच्या धुराची रासायनिक घडणही वेगळी निघते. फिनॉलचे एकूण प्रमाण सारखे ठेवूनसुद्धा पीट बदलला तर वास बदलतो.

यापुढचा टप्पा भट्टीचा. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात निघणाऱ्या प्रवाहाचे सुरुवातीचे आणि शेवटचे भाग बाजूला काढून मधला भाग तेवढा मुरवायला घेतात. जड फिनॉलयुक्त संयुगे या प्रवाहात उशिरा येऊ लागतात. त्यामुळे मधला भाग घेणे लवकर थांबवले तर व्हिस्की स्वच्छ आणि फळांच्या अंगाची होते, उशिरापर्यंत घेत राहिले तर औषधी, डांबरी आणि तेलकट होते. लागावूलिन आणि कल ईला या आयलावरच्या दोन डिस्टिलरींना पोर्ट एलनच्या माल्टगृहातून जवळपास सारख्याच धुराचा माल्ट मिळतो. तरीही कल ईलाच्या उंच, कमी भरलेल्या भांड्यांतून हलके मद्य निघते आणि लागावूलिनच्या भांड्यांतून जाडसर. गोदाम तर फार पुढची गोष्ट आहे, इतका फरक त्याआधीच पडून गेलेला असतो.

तळटीप (धागाकर्ता)

अर्कशास्त्री यांचे मनःपूर्वक आभार. जुने पिंप आणि उत्तररात्र यांनी विचारलेला प्रश्न एकच आहे, तेव्हा त्यालाच सविस्तर उत्तर देतो.

ओल्ड पल्टनीची डिस्टिलरी उत्तर स्कॉटलंडच्या केथनेसमधल्या विक या गावात १८२६ साली सुरू झाली. गावाच्या त्या भागाला पल्टनीटाउन म्हणतात. ब्रिटिश फिशरीज सोसायटीने हेरिंगच्या मासेमारीसाठी तो वसवला आणि त्याचा आराखडा टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने केला. एके काळी हेरिंगच्या व्यापारात हे बंदर अग्रगण्य होते, आणि मासे खारवणाऱ्या कामगारांच्या गर्दीत दारूचा खप इतका वाढला की गावाने मतदान करून १९२२ पासून १९४७ पर्यंत दारूबंदी पाळली. डिस्टिलरी १९३० मध्ये बंद पडली ती १९५१ मध्येच पुन्हा उघडली. व्हिस्कीच्या गावात पाव शतक दारूबंदी, हा विनोद नियतीनेच केला म्हणायचा.

पण चवीचे कारण गावाच्या इतिहासात शोधण्यापेक्षा भांड्यात शोधावे. पल्टनीच्या पहिल्या ऊर्ध्वपातनाच्या भांड्याला हंसाच्या मानेसारखा नेहमीचा निमुळता गळा नाही, वरचा भाग सपाट कापल्यासारखा आहे. भांडे इमारतीत मावेना म्हणून वरचा भाग कापून टाकला अशी दंतकथा तिथे सांगतात. भांड्याच्या पोटाच्या वर मोठा फुगवटा आहे. वाफ थंड करायला आधुनिक नळ्यांच्या संचाऐवजी जुन्या पद्धतीचे वर्म टब आहेत, म्हणजे थंड पाण्याच्या टाकीत बुडवलेली वेटोळ्याची लांब नळी. या पद्धतीत वाफेचा तांब्याशी संपर्क कमी येतो. तांबे गंधकयुक्त संयुगे शोषून घेते, त्यामुळे संपर्क कमी म्हणजे गंधकाचा अंश अधिक आणि मद्य जड, काहीसे मांसल. टॅलिस्कर आणि ओबान या दोन्ही ठिकाणीही वर्म टबच आहेत हे योगायोगाने घडलेले नाही असे मला वाटते. समुद्रकिनाऱ्यावर गेल्यावर जो वास येतो त्यात डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त संयुगाचा मोठा वाटा असतो, आणि मोड आलेल्या बार्लीतूनही हे संयुग तयार होते. ताज्या मद्यातला गंधकाचा अंश मुरताना पुष्कळसा मावळतो, परंतु मागे उरलेला भाग लिंबूवर्गीय आंबटपणा आणि तेलकट पोत यांच्याशी मिळून खारट असल्याचा भास निर्माण करतो, असा माझा तर्क आहे.

भास हा शब्द मी हलकेपणाने वापरलेला नाही. नाकाला आलेला वास जिभेची चव बदलतो हे आपल्यापैकी कुणालाही नवे नाही. चुलीवर सुका बोंबील भाजायला घेतला की तो तोंडात जाण्याआधीच तोंड खारट होते. ज्या वासांची मिठाच्या पदार्थांशी आपल्या मनात गाठ बसलेली असते, ते वास मीठ नसतानाही खारटपणा जागा करतात.

ब्रुकलॅडीबद्दल मी आपल्याला अर्धा मुद्दा देतो. सगळे काही बेटावरच होत असल्याने तिथे गोदामाचा वाटा वेगळा काढता येत नाही. परंतु वेगळा काढता येत नाही म्हणून तो मोठाच असला पाहिजे, असेही सिद्ध होत नाही.

सासष्टीचा

या वादात आमच्या गोव्याची साक्ष उपयोगी पडेल. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे आणि समुद्र तिथून काही फार दूर नाही. तिची सिंगल माल्ट २०१२ साली प्रथम इंग्लंडच्या बाजारात आली. पिंपे गोव्याच्याच दमट, खाऱ्या हवेत मुरतात, आणि उष्णतेमुळे बाष्पीभवन स्कॉटलंडच्या कित्येक पट होते, म्हणजे लाकडाचा श्वासोच्छ्वास तिथे अधिक जोरात चालतो. हवेतून खारटपणा येत असता तर धुराविना केलेली तिची ब्रिलियन्स ही व्हिस्की खारट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात तिच्यात मध, मसाले, व्हॅनिला आणि पिकलेली फळे मिळतात, कारण आपल्याकडची सहा ओळींची बार्ली आणि उष्ण हवेत झपाट्याने काम करणारे ओक या दोघांचाच तिथे वरचष्मा असतो. त्याच डिस्टिलरीच्या धुरकट व्हिस्कीसाठी पीट स्कॉटलंडहून आणतात, आणि समुद्राची आठवण येते ती नेमकी तिच्यात! माझ्या मते अर्कशास्त्री यांच्या मुद्द्याला यापेक्षा चांगला पुरावा मिळायचा नाही.

जुने पिंप

गोव्याचे उदाहरण चटकदार आहे, परंतु ते पूर्णपणे लागू पडत नाही. तिथे मुरण्याचा काळ तुलनेने कमी असतो आणि लाकडाचा ठसा इतका गडद असतो की एखादी पुसट छटा असलीच तरी ती त्याखाली दबून जाईल. स्कॉटलंडमध्येही शेरी या स्पॅनिश वाइनच्या पहिल्याच वापरातल्या पिंपात खारट छटा झाकली जाते, तर बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या किंवा पुनःपुन्हा वापरलेल्या पिंपात ती उघडी पडते. हवा आणि पिंप यांचा वाटा मी सोडणार नाही. मीठ आत येत नाही एवढे मात्र मान्य करतो.

ग्लासगोवासी

येथे राहून या डिस्टिलरी पाहण्याची संधी मिळाली, त्या आधारावर थोडी भर घालतो.

समुद्रकाठची व्हिस्की असा कोणताही वर्ग कायद्यात नाही. २००९ च्या स्कॉच व्हिस्की नियमांत हायलँड, लोलँड आणि स्पेसाइड हे प्रदेश आणि आयला व कॅम्बेलटाउन ही दोन स्थाने एवढीच नावे संरक्षित आहेत. आयलाखेरीज इतर बेटांनाही वेगळा दर्जा नाही, कायद्याच्या दृष्टीने स्काय बेटावरची टॅलिस्कर ही हायलँडचीच व्हिस्की आहे. म्हणजे समुद्रकाठ हा शब्द कुणीही कुठेही वापरावा, त्याला अडवणारे कुणी नाही, आणि विक्रेत्यांनी त्याचा पुरेपूर लाभ घेतलेला आहे.

क्लाइनलीशचे उदाहरण अद्याप कुणी दिले नाही याचे आश्चर्य वाटते. पूर्व किनाऱ्यावर ब्रोरा येथे ही डिस्टिलरी आहे आणि तिच्या १४ वर्षांच्या व्हिस्कीचे वर्णन मेणासारखी आणि किंचित खारट असे करतात. हा मेणाचा पोत कुठून येतो याचा शोध तिथल्या लोकांना चुकून लागला. मधल्या टप्प्यातले मद्य साठवण्याच्या टाक्यांत तेलकट गाळाचा थर बसत असे. टाक्या घासून स्वच्छ केल्या आणि मेण नाहीसे झाले, तेव्हा तो थर पुन्हा जमू द्यावा लागला. निसर्गाच्या नावावर खपलेला एक गुण प्रत्यक्षात न धुतलेल्या टाकीचा निघाला, हे मला तरी फार आवडते.

अर्कशास्त्री यांच्यासाठी मात्र एक अडचण उपस्थित करतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर हायलँड पार्क ही १७९८ पासूनची डिस्टिलरी आहे. वाऱ्यामुळे तिथे झाडे जवळपास नाहीतच, आणि हॉबिस्टरच्या माळावरचा पीटही समुद्रापासून जवळच आहे. आपल्या तर्कानुसार तिच्यातही लफ्रॉइगसारखा औषधी दर्प यायला हवा. तिथे तर मध आणि हेदर या झुडपाच्या फुलांचा सौम्य धूर मिळतो.

अर्कशास्त्री

अडचण रास्त आहे. माझे उत्तर दोन भागांत. हायलँड पार्क धुरकट माल्टमध्ये बिनधुराचा माल्ट मोठ्या प्रमाणात मिसळते, त्यामुळे एकूण फिनॉल लफ्रॉइगच्या तुलनेने बरेच कमी राहते, आणि त्यावर शेरीच्या पिंपांचा गोडवा चढतो. शिवाय हॉबिस्टरच्या पीटमध्ये हेदरचे प्रमाण मोठे आहे. समुद्राचे तुषार पडणे ही एक अट झाली, तेवढ्याने पुरेसे होत नाही. मधल्या भागाचा शेवट केव्हा केला जातो हेही त्यात मोजावे लागते.

उत्तररात्र

इतक्या चर्चेनंतर हा फरक स्वतः पडताळून पाहायचा असेल तर काय घ्यावे?

तळटीप (धागाकर्ता)

धूर आणि खारटपणा एकमेकांपासून वेगळे करून ओळखायचे असतील तर सुरुवात बुनाहावन १२ पासून करावी. आयलाची असूनही ती जवळपास बिनधुराची असते आणि ४६.३ टक्क्यांवर, शीतगाळण (थंड करून गाळणे) न करता भरलेली असल्यामुळे तिचा तेलकट पोत शाबूत राहतो. तिच्या शेजारी ओल्ड पल्टनी १२ ठेवली तर शेरीच्या पिंपाने झाकलेला आणि बर्बनच्या पिंपाने उघडा ठेवलेला खारटपणा, असे दोन्ही प्रकार समोर येतात. त्यानंतर कल ईला १२ आणि लागावूलिन १६ ही जोडी घ्यावी, म्हणजे सारख्या माल्टवर भांड्याचा काय परिणाम होतो ते कळते. टॅलिस्कर १० शेवटी ठेवावी. ४५.८ टक्क्यांच्या तीव्रतेमुळे तिच्यातला मिऱ्याचा झणका जिभेवर रेंगाळतो आणि त्यामागून आलेली कोणतीही व्हिस्की फिकी वाटते.

बर्फ टाळावा, पाणी मात्र थोडे जरूर घालावे. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकीय प्रतिकृतीच्या आधारे असे दाखवले की मद्याची तीव्रता कमी केली की धुरकट वासाचे ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकते. म्हणून प्रथम पाण्याविना वास घ्यावा, मग चमचाभर पाणी घालून पुन्हा घ्यावा. कल ईलात हा फरक सर्वांत लवकर जाणवतो.